चित्रा नक्षत्राजवळचा भडका

वैशाखात रात्री दहाच्या सुमारास विदर्भातल्या कुठल्याही गावातून दक्षिणेकडे पाहिले, तर बरीच वर निळसर पांढऱ्या रंगाची एक ठळक तारका दिसते. ती चित्रा. हात लांब करून मूठ आवळली की ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा भाग झाकते, आणि चित्रेपासून वायव्येकडे जेमतेम तेवढ्याच अंतरावर, डोळ्यांना अगदी रिकामी वाटणारी एक जागा आहे. १६ जून २०१५ रोजी त्या जागेकडून गॅमा किरणांचा असा भडका पृथ्वीपर्यंत पोहोचला की, त्या उगमाकडून एवढा प्रखर मारा त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता. उगमाचे नाव ३सी २७९. ही एक दीर्घिका आहे आणि तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ५०० कोटींहून अधिक वर्षे लागतात. म्हणजे हे किरण निघाले तेव्हा पृथ्वी घडायची होती. विदर्भाच्या काळ्या मातीचा मूळ खडक असलेला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपाने पसरला, तेव्हा या किरणांची जवळपास ९९ टक्के वाट चालून झाली होती.

अंतर आणि तेज हे दोन्ही आकडे थक्क करणारे आहेत आणि अशा घटनांच्या बातम्यांतही बहुतेक वेळा तेच पुढे केले जातात. माझ्या मते मात्र त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा आकडा निराळा होता. हा प्रकाश पाच मिनिटांपेक्षाही कमी वेळात दुप्पट झाला. या पाच मिनिटांतून खगोलशास्त्रज्ञ काय वाचतात, हे नीट कळले तर या विषयाचा निम्मा भाग कळला असे समजायला हरकत नाही.

आधी गॅमा किरणांविषयी. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, क्ष-किरण, मोबाइलच्या लहरी आणि गॅमा किरण ही सगळी एकाच जातीची प्रारणे आहेत. फरक आहे तो प्रत्येक प्रकाशकणाच्या, म्हणजे फोटॉनच्या, ऊर्जेत. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर येथे ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या गॅमा किरणांच्या एकेका फोटॉनची ऊर्जा कोट्यवधी इलेक्ट्रॉन व्होल्टपासून पुढे सुरू होते. एवढ्या ऊर्जेचा फोटॉन आरशावरून परतत नाही आणि भिंगातून वळतही नाही. शिवाय आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचे वस्तुमान सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतके भरते आणि ते गॅमा किरणांना वरच्या वर अडवते. सजीवांच्या दृष्टीने ही मोठीच कृपा आहे, पण निरीक्षण करायचे तर उपकरण वातावरणाबाहेर न्यावे लागते.

असे सर्वांत महत्त्वाचे उपकरण आजही काम करत आहे. ११ जून २००८ रोजी अमेरिकेतून सोडलेली फर्मी दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून दर ९५ मिनिटांनी एक प्रदक्षिणा पूर्ण करते. तिला दुर्बीण म्हणत असले तरी तिच्या मुख्य उपकरणात ना आरसा आहे ना भिंग. त्यात टंगस्टन धातूचे पातळ पत्रे आणि सिलिकॉनच्या पट्ट्या आलटून पालटून रचलेले सोळा मनोरे आहेत. गॅमा किरणाचा फोटॉन टंगस्टनच्या अणूजवळून जाताना नाहीसा होतो आणि त्याच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन विद्युतभार असलेला जुळा) अशी कणांची जोडी जन्माला येते. हे दोन कण एकामागून एक सिलिकॉनच्या थरांतून जाताना प्रत्येक थरात विजेची बारीकशी खूण सोडतात. त्या खुणा जोडल्या की फोटॉन कुठल्या दिशेने आला होता ते समजते. तळाशी सीझियम आयोडाइडचे स्फटिक आहेत, जे या कणांची ऊर्जा शोषून ती किती होती याचा हिशेब देतात. भोवती खास प्लॅस्टिकच्या फरशांचे आवरण आहे, कारण अवकाशातून येणारे विद्युतभारित कण गॅमा किरणांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि आवरणातून खूण करत आत शिरलेला कण वगळावा लागतो.

हे उपकरण एका वेळी आकाशाचा सुमारे पाचवा भाग पाहते आणि दर तीन तासांत संपूर्ण आकाशावरून नजर फिरवते. कुठली दीर्घिका कधी भडकेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे अशी अखंड राखण फार कामाची ठरते. तिची दृष्टी मात्र तीक्ष्ण नाही. १० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनची दिशा ठरवताना काही अंशांची चूक होऊ शकते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या कित्येक पट. तेवढ्या पट्ट्यात शेकडो दीर्घिका असू शकतात. अशा वेळी ओळख पटवण्याचा एक भक्कम मार्ग म्हणजे, जी दीर्घिका दृश्य प्रकाशात आणि क्ष-किरणांतही त्याच दिवसांत उजळली असेल ती शोधणे.

या कामात भारताचाही हात लागलेला आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. फर्मीच्या वर्षभर आधी, २३ एप्रिल २००७ रोजी, इटलीचा अजिले हा गॅमा किरण पाहणारा उपग्रह श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी८ या यानाने कक्षेत पोहोचवला गेला. पूर्वा भाद्रपदा नक्षत्रातल्या ठळक ताऱ्यापासून तीन अंशांच्या आत असलेल्या ३सी ४५४.३ या दीर्घिकेचे अनेक भडके या उपग्रहाने टिपले. हा तारा दिवाळीच्या सुमारास, आपल्याकडे कापूस वेचणी चालू असते त्या दिवसांत, संध्याकाळनंतर डोक्यावर येतो. नोव्हेंबर २०१० मध्ये ही दीर्घिका इतकी भडकली की काही दिवस ती संपूर्ण गॅमा आकाशातली सर्वांत तेजस्वी वस्तू झाली. एरवी हा मान आपल्याच आकाशगंगेतल्या, सुमारे हजार प्रकाशवर्षांवरच्या वेला पल्सार या वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याकडे असतो, ३सी ४५४.३ चा प्रकाश मात्र ७०० कोटी वर्षे प्रवास करून येतो.

एवढी ऊर्जा येते कुठून? बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतले कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढे आहे आणि सध्या जवळजवळ उपाशी आहे. काही दीर्घिकांमध्ये मात्र केंद्राकडे वायू सतत ओढला जातो. तो सरळ आत न पडता भोवती फिरत राहतो, त्याची चकती बनते, घर्षणाने ती तापते आणि कधी कधी अख्ख्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांपेक्षाही जास्त प्रकाश देते. अशा दीर्घिकेला सक्रिय दीर्घिका म्हणतात. यांपैकी थोड्या दीर्घिकांमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंनी, अक्षाच्या दिशेने, विद्युतभारित कणांचे अरुंद झोत बाहेर पडतात. कृष्णविवराच्या फिरण्याची आणि चकतीची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रामार्फत या झोतांना मिळत असावी, हे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. एम८७ या दीर्घिकेतला असा झोत हजारो प्रकाशवर्षे लांब आहे.

हे झोत आकाशात कुठल्याही दिशेला रोखलेले असतात, आणि त्यातला एखादाच नेमका आपल्याकडे असतो. रात्री वावरात रोही आणि रानडुकरांपासून पिकाची राखण करणाऱ्या माणसाला हा फरक चांगला ठाऊक असतो: दूरच्या धुऱ्यावरचा माणूस बॅटरी दुसरीकडे फिरवत असेल तर नुसता मिणमिणता उजेड जाणवतो, पण तीच बॅटरी आपल्याकडे वळली की डोळे दिपतात. ज्या सक्रिय दीर्घिकेचा झोत आपल्याकडे रोखलेला आहे तिला ब्लेझार म्हणतात. ३सी २७९ आणि ३सी ४५४.३ ही दोन्ही ब्लेझारच आहेत. फर्मीच्या पहिल्या आठ वर्षांच्या नोंदींतून केलेल्या यादीत पाच हजारांहून अधिक उगम आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक ब्लेझार आहेत.

बॅटरीचा दृष्टांत इथवरच पुरतो, कारण झोतातला उजेड देणारा पदार्थ स्वतःच जवळपास प्रकाशाच्या वेगाने आपल्या दिशेने धावत असतो. याचा परिणाम साध्या हिशेबाने पाहता येतो. समजा, झोतातला एक गोळा प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने थेट आपल्याकडे येत आहे. त्याने आज एक चमक सोडली आणि २०० दिवसांनी दुसरी सोडली. मधल्या काळात पहिली चमक २०० प्रकाशदिवस पुढे गेली, पण गोळाही तिच्या मागोमाग १९९ प्रकाशदिवस आला. म्हणून दोन चमकांमध्ये फक्त एका प्रकाशदिवसाचे अंतर उरले आणि तिथे २०० दिवसांत घडलेली गोष्ट आपल्याला एका दिवसात घडल्यासारखी दिसली. काळ असा दाबला जातो, प्रत्येक फोटॉनची ऊर्जा वाढते आणि सगळा प्रकाश पुढच्या अरुंद कोनात एकवटतो. हे तिन्ही परिणाम एकमेकांत मिसळून ब्लेझारचे तेज हजारो पटींनी वाढलेले दिसते. १९७१ मध्ये रेडिओ निरीक्षणांत ३सी २७९ मधला पदार्थ प्रकाशापेक्षाही वेगाने सरकतो आहे असे दिसले होते. तो आभासही याच हिशेबातून निघतो.

आता त्या पाच मिनिटांकडे येऊ. कुठलीही वस्तू एकसाथ उजळायची असेल, तर तिच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोहोचायला हवी, आणि कुठलीही खबर प्रकाशापेक्षा लवकर पोहोचत नाही. वस्तू एक प्रकाशवर्ष रुंद असती, तर तिचा जवळचा भाग उजळलेला आपल्याला आधी दिसला असता आणि दूरचा भाग वर्षभराने. तिचे तेज पाच मिनिटांत दुप्पट होणे शक्यच नव्हते. म्हणजे तेज किती लवकर बदलते यावरून उगम जास्तीत जास्त केवढा असू शकतो ते ठरते. पाच मिनिटांत प्रकाश नऊ कोटी किलोमीटर जातो, हे अंतर पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या १५ कोटी किलोमीटरपेक्षाही कमी आहे. काळ दाबला गेल्याचा परिणाम धरून हा आकडा काही दशपटींनी वाढवला, तरी उगमाची रुंदी काही शे कोटी किलोमीटरच्या पुढे जात नाही.

याच्या शेजारी दोन आकडे ठेवून पाहावेत. ३सी २७९ मधल्या कृष्णविवराचे वस्तुमान ५० कोटी सूर्यांएवढे धरले, तर त्याच्या सीमेची त्रिज्या सुमारे १५० कोटी किलोमीटर येते, म्हणजे जवळपास सूर्यापासून शनीपर्यंतचे अंतर. त्या व्यासाएवढे अंतर पार करायला प्रकाशालाच पावणेतीन तास लागतात. म्हणजे भडका उडाला ती जागा कृष्णविवराच्याच आकाराच्या आसपासची आहे, कदाचित त्याहूनही लहान. दुसरा आकडा एका प्रतिमेतला आहे. जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून एम८७ मधल्या कृष्णविवराच्या सावलीचे जे चित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच जाळ्याने ३सी २७९ च्या झोताचेही चित्र घेतले आहे. ते आजवरच्या सर्वांत बारीक चित्रांपैकी एक आहे आणि त्यात दिसणारा बारीकात बारीक तपशील सुमारे चार लाख कोटी किलोमीटरचा आहे. आपल्या हाती असलेली सर्वोत्तम दृष्टी जिथे थांबते, त्याच्या साधारण हजारपट आतली गोष्ट केवळ घड्याळाने मोजता येते. म्हणूनच भडक्याच्या उंचीपेक्षा त्याचा वेग मला महत्त्वाचा वाटतो.

ही मोजणी करणे सोपे नव्हते. फर्मी आपल्या नेहमीच्या पद्धतीने फिरत राहिली असती तर ३सी २७९ कडे तिची नजर अधूनमधूनच गेली असती. म्हणून त्या दिवसांत तिला मुद्दाम त्या दिशेने वळवून ठेवण्यात आले. शिखराच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे ०.००००३६ फोटॉन येत होते. हा आकडा नगण्य वाटतो, पण एका चौरस मीटरसाठी त्याचा अर्थ दर तीन सेकंदांना साधारण एक फोटॉन असा होतो, आणि गॅमा खगोलशास्त्रात ही मुसळधार आहे. एवढे फोटॉन हाती आले म्हणूनच दोन दोन मिनिटांचे तुकडे पाडून तेजाचा आलेख काढता आला. एरवी अनेक ब्लेझारच्या बाबतीत एक बिंदू मांडण्यासाठी आठवडाभराचे फोटॉन गोळा करावे लागतात.

या लहान आकारातून एक अडचण उभी राहते आणि त्याच अडचणीतून एक पुरावाही मिळतो. एवढ्याशा जागेत एवढा प्रकाश कोंबला, तर गॅमा किरणांचे फोटॉन तिथल्याच कमी ऊर्जेच्या फोटॉनांवर आदळून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोड्यांमध्ये बदलून जायला हवेत, बाहेर पडताच कामा नयेत. प्रत्यक्षात ते बाहेर पडतात. उगम आपल्याकडे प्रचंड वेगाने येत असल्यामुळे त्याचे तेज आणि फोटॉनांची ऊर्जा आपल्याला वाढलेली दिसते, झोताच्या आत मात्र दोन्ही बरीच कमी असतात, असे मानले की ही अडचण सुटते. गॅमा किरण आपल्यापर्यंत पोहोचतात, ही गोष्टच झोत आपल्याकडे रोखलेला असल्याची साक्ष ठरते.

गॅमा किरण तयार कसे होतात, याचे सर्वसाधारण उत्तर असे आहे. झोतातले अतिवेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश देतात. हेच इलेक्ट्रॉन जेव्हा एखाद्या कमी ऊर्जेच्या फोटॉनला धडकतात, तेव्हा आपली ऊर्जा त्याला देऊन ती लाखो पटींनी वाढवतात आणि साधा फोटॉन गॅमा फोटॉन होऊन निघतो. धडक बसणारा फोटॉन झोतातलाच असू शकतो किंवा चकती आणि तिच्या भोवतीच्या ढगांकडून आलेला असू शकतो. ३सी २७९ सारख्या दीर्घिकांत बाहेरचे फोटॉन भरपूर असल्यामुळे दुसरा मार्ग जास्त चालतो.

इलेक्ट्रॉनना अचानक एवढा वेग कशाने मिळतो, यावर मात्र शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. झोतात मागून वेगाने आलेला पदार्थ पुढच्या मंद पदार्थावर आदळून धक्कालहर तयार होते, ही जुनी कल्पना दिवसांत किंवा आठवड्यांत वरखाली होणाऱ्या भडक्यांना लागू पडते. पाच मिनिटांसाठी ती अपुरी वाटते. चुंबकीय क्षेत्राच्या विरुद्ध दिशेच्या रेषा जवळ येऊन तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एका लहान जागेत झटक्यात मोकळी होते, ही कल्पना आज अधिक जोर धरून आहे. सूर्यावरच्या ज्वाळांमध्ये अशी प्रक्रिया घडते याचे चांगले पुरावे आहेत. भडका कृष्णविवरापासून किती दूर उडतो हा वादही संपलेला नाही. २००९ मध्ये ३सी २७९ च्याच एका भडक्याच्या वेळी तिच्या दृश्य प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा, म्हणजे प्रकाशलहरी ज्या दिशेने कंप पावतात ती, सुमारे वीस दिवसांत १८० अंशांहून अधिक फिरली, आणि त्यावरून उजळणारा गोळा झोतातून वळणावळणाने, कृष्णविवरापासून बराच दूर जात असावा असा अर्थ लावला गेला. २०१५ चा भडका मात्र अगदी जवळच्या, छोट्या जागेकडे बोट दाखवतो. एकाच दीर्घिकेत दोन्ही प्रकार घडत असावेत, असे मला या पुराव्यांवरून वाटते.

झोतात इलेक्ट्रॉनच धावतात की प्रोटॉनही, हा प्रश्न २२ सप्टेंबर २०१७ रोजी अचानक पुढे आला. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेल्या आइसक्यूब या शोधयंत्राने अतिउच्च ऊर्जेचा एक न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहसा आरपार जाणारा विद्युतभार नसलेला कण, टिपला आणि तो आलेल्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हे ब्लेझार असल्याचे आढळले. फर्मीच्या नोंदींत हे ब्लेझार नेमके त्याच काळात भडकलेले होते. एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो तयार व्हायला प्रोटॉनांच्या टकरी लागतात. त्यामुळे निदान काही ब्लेझारमध्ये प्रोटॉनही प्रचंड ऊर्जेला पोहोचतात, याचा तो आजवरचा एक ठोस आधार मानला जातो.

फर्मीला जिथे फोटॉन फार कमी मिळतात, त्या सर्वोच्च ऊर्जेसाठी जमिनीवरूनच पाहावे लागते. असा गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती निळसर चमक उमटते. ती टिपण्यासाठी लडाखमधील हानले येथे सुमारे ४३०० मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण उभारली आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. या प्रकारची ही आशियातली सर्वांत मोठी दुर्बीण आहे. एखादे ब्लेझार भडकल्याची सूचना आली की हानले आणि माउंट अबूच्या दुर्बिणी दृश्य प्रकाशात आणि अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारतीय उपग्रह अतिनील व क्ष-किरणांत त्याच उगमाकडे वळवता येतात. रेडिओ लहरींसाठी नारायणगावजवळ खोडदची दुर्बीण आहे.

विदर्भात बसून यातले काय पाहता येईल, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथल्यासारख्या काळोख्या आकाशाखाली आठ ते दहा इंची दुर्बिणीतून कन्या राशीतली ३सी २७३ ही सक्रिय दीर्घिका फिकट ताऱ्यासारखी दिसू शकते. तिचा प्रकाश २०० कोटींहून अधिक वर्षे जुना आहे. ३सी २७९ तिच्याहून बरीच फिकट असल्याने तिच्यासाठी कॅमेरा लावावा लागतो. गॅमा किरण दिसणार नाहीत, पण त्यांच्या नोंदी मिळतील: फर्मीची निरीक्षणे सर्वांना खुली आहेत आणि दीड हजारांहून अधिक उगमांच्या तेजाचे आलेख इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतात. यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयातल्या मुलीने ३सी २७९ चा आलेख उघडला, तर तिला बराच काळ तळाशी रेंगाळणारे बिंदू दिसतील, काही ठिकाणी बिंदूऐवजी खाली वळलेला बाण दिसेल, म्हणजे त्या मुदतीत तेज निश्चित मोजता आले नाही, फक्त ते याहून जास्त नव्हते एवढेच सांगता आले. आणि जून २०१५ मध्ये तळाच्या बिंदूंच्या कितीतरी वर गेलेले एक अरुंद शिखर दिसेल. त्या आलेखावर मुदत आठवड्याची आहे की तीन दिवसांची, हे आधी तपासावे, कारण लांब मुदतीच्या सरासरीत मिनिटांचे चढउतार बुडून जातात.